बापू, सही करू का नको?

पुणे, रविवार

प्रिय बापू,

फोनवर तू विचारलंस, अमेरिकेत काय पाहिलंस, आणि मी न्यूयॉर्कच्या चार उंच इमारती सांगून मोकळा झालो. खरं सांगायचं होतं ते बंदुकीच्या नळ्या सरळ करणाऱ्या एका माणसाबद्दल. सुमनला सांगितलं तर ती "बरं" म्हणाली. पिंकीने विचारलं, "बाबा, त्यांच्याबरोबर फोटो काढलात का?" म्हणून म्हटलं, आता बापूलाच लिहावं. टूलरूममध्ये हात काळे केलेल्या माणसालाच हे कळेल. आणि कॅनॉलच्या जागेबद्दलच्या एका अर्जावर सही करू का नको, तेही तुलाच विचारायचंय.

तब्येत ठीक. साखर आटोक्यात, गुडघा आपला कुरकुरतो. तू बीपीची गोळी घेतोस ना?

पिंकीचं गाव न्यू हेवन. तिच्या घराच्या मागून एक डांबरी वाट जाते. सरळ, जवळजवळ सपाट, मधोमध पिवळी रेघ. चालणारे, सायकलवाले, बाबागाडी ढकलणाऱ्या बाया, सगळे त्यावर. रस्ता आडवा आला की दोन्ही बाजूंना खांब, गाडी आत घुसूच शकत नाही. माझ्या गुडघ्यालाही झेपली, यावरून समज. ही वाट म्हणजे जुना रेल्वेमार्ग. आणि आता नीट ऐक, रेल्वेच्या आधी तिथे कॅनॉल होता! १८२८ मध्ये सुरू झाला, फार्मिंग्टन कॅनॉल. खेचरं काठाने चालत बोटी ओढायची. पण तो सारखा गळायचा, काठ फुटायचे, शेतकऱ्यांशी भांडणं व्हायची, फायदा कधी झालाच नाही. मग १८४८ च्या सुमारास त्याच पट्ट्यात रूळ पडले. पुढे गाड्याही बंद पडल्या आणि लोकांनी मागे लागून तिथे ही वाट करून घेतली. ती थेट नॉर्थॅम्प्टन गावापर्यंत न्यायची आहे, सव्वाशे किलोमीटरच्या वर, आणि बरीचशी झालीही आहे. कॅनॉल फुटायचा हे वाचलं तेव्हा कोण आठवलं, ते तुला सांगायला नको.

गावातून वाट खोल चरातून जाते, दोन्हीकडे दगडी भिंती, वरून रस्ते. मग वर येते आणि एकदम विंचेस्टरचा कारखाना लागतो. बंदुकांचा. लाल विटांच्या लांबच लांब इमारती, पोटमाळ्यापर्यंत खिडक्याच खिडक्या. महायुद्धांच्या वेळी तिथे हजारो माणसं कामाला होती. २००६ ला बंद पडला. आता काही भागात फ्लॅट केलेत, काही भाग अजून तसाच, काचा फुटलेल्या. मी ते बघत उभा राहिलो. हडपसरला आपल्या कारखान्याचं शेड उतरवलं तेव्हा तू आणि मी फाटकाबाहेर उभे होतो ना, अगदी तसाच. आत जायला वॉचमनने सोडलं नव्हतं, आणि तू त्याच्याशी भांडलास. तो बिचारा कालच कामाला लागलेला!

तिथल्या बाकावर एक म्हातारा काळा माणूस बसला होता. बाजूच्या वस्तीतलाच. मी मोडक्या इंग्रजीत विचारलं, इथे काम केलंत का? तो म्हणाला, वडिलांनी केलं. कसलं काम? तर त्याने उत्तरच दिलं नाही. दोन्ही हात पुढे केले, नळी धरल्यासारखे, एक डोळा मिटला आणि समोरच्या खिडकीकडे बघायला लागला. मग हळूहळू समजावलं. खिडकीच्या काचेवर एक आडवी रेघ मारलेली असायची. नळीतून त्या रेघेकडे बघायचं, तिची सावली नळीच्या आत पडते. नळी सरळ असेल तर सावलीची कड शेवटपर्यंत सरळ जाते. कुठे बाक असेल तर कड तिथे मोडते. मग नळी प्रेसमध्ये धरायची, वरचं चाक हलकेच फिरवून दाबायची, परत डोळ्याला लावायची. बाक मोजायची डायल नाही, काही नाही. नुसता डोळा!

बापू, मला तिथल्या तिथे गोविंदमामा दिसले. व्ही-ब्लॉकच्या खाचेत शाफ्ट ठेवून फिरवताना डायल लावायच्या आधीच "केसभर बाक आहे रे" म्हणणारे. मी त्या माणसाला हातानेच मामांची नक्कल करून दाखवली, अंगठा शाफ्टवर कसा ठेवायचे ते. तो हसला, आणि त्यानेही अंगठा तसाच ठेवून दाखवला. भाषा कमी पडत होती, पण दोघांनाही अडलं नाही.

उठताना मी म्हटलं, वाट फार छान केली आहे. तो म्हणाला, हो, छान आहे. मग कारखान्याच्या फ्लॅटकडे बोट केलं आणि म्हणाला, माझ्या भाच्याला तिथलं भाडं परवडत नाही. तक्रारीच्या सुरात नाही, पाऊस येणार म्हणावं तितक्याच साधेपणाने. ते वाक्य काही केल्या डोक्यातून जात नाही.

आता इथली गोष्ट. खडकवासल्यापासून फुरसुंगीपर्यंत पाणी कॅनॉलऐवजी बोगद्यातून न्यायचं चाललंय हे तुला माहीतच आहे. गळती, बाष्पीभवन, चोरी, सगळं थांबेल म्हणतात. म्हणजे आपला कॅनॉल कोरडा. त्या जागेचं काय? आमच्या सहकारनगरच्या सकाळी फिरणाऱ्या मंडळींनी अर्ज तयार केलाय: कॅनॉलच्या जागेवर चालायची आणि सायकलची वाट करा, रस्ता नको. अर्ज चांगला लिहिलाय. न्यू हेवनचं कौतुक मीच सगळ्यांना ऐकवलं, तेव्हा पहिली सही माझी व्हावी असं त्यांचं म्हणणं. कागद टीव्हीजवळ पडलाय आणि माझा हात उचलत नाही.

वाट मला मनापासून हवी आहे. पर्वतीपासून स्वारगेट, एम्प्रेस गार्डन, फातिमानगर, हडपसर. फर्स्ट शिफ्टला आपण काठाकाठाने सायकली मारायचो तो सगळा पट्टा. सोलापूर रोडच्या ट्रकपेक्षा तो चिखल बरा होता. (तू माझी सायकल पाण्यात ढकललीस, हे मी अजून विसरलो नाही. हँडल आधीपासून वाकडं होतं हा तुझा दावा मला मान्य नाही, मरेपर्यंत नाही.) कुणी मागितलंच नाही तर तिथे रस्ता होईल, पुलाचे खांब येतील, नाहीतर प्लॉट पडतील. हे मला दिसतंय.

पण काठाची घरं? वाट करायची म्हटली की पहिलं माप त्यांच्याच भिंतीला लागणार. अर्जात त्यांच्याबद्दल एक ओळ नाही. मी म्हटलं, घाला. तर एकजण म्हणाले, तो वेगळा विषय आहे. वेगळा कसा? काकू १२ जुलै १९६१ ला पानशेतच्या पाण्यात शनिवारातलं घर सोडून निघाल्या, पर्वतीच्या पायथ्याशी आल्या, आणि २७ सप्टेंबर २०१८ ला कॅनॉलची भिंत फुटून पाणी परत त्यांच्या दारात. तुझं औंध आयटीआयचं सर्टिफिकेट तारेला चिमटे लावून वाळत घातलेलं मी पाहिलंय. घुशी, उंदीर, खेकड्यांनी भराव पोखरला असं तेव्हा सांगितलं गेलं. तू त्या संध्याकाळी म्हणालास, "बुजवून टाका तो कॅनॉल." मी म्हटलं, बुजवायचा कशाला, दुरुस्त करायचा. त्यावर आपण किती भांडलो! काकू मध्ये पडल्या नसत्या तर बोलणंच तुटलं असतं.

म्हणून तुला विचारतोय, दुसऱ्या कुणाला नाही. माझ्या मनात असं आहे: काठावरच्या ज्यांना उठवायचं त्यांना आधी तिथेच जवळपास पक्कं घर, आणि मगच वाट, अशी ओळ अर्जात आली तरच सही. नाहीतर दुसरा अर्ज मी स्वतः लिहितो. पण तिथे राहिलास तू. तुला वाट म्हटल्यावर पायाखाली काय येतं, हे मी इथे बाल्कनीत बसून कसं सांगणार? तू "बुजवा आणि रस्ता करा" म्हणालास तरी मी ऐकून घेईन. भांडेन, पण ऐकून घेईन.

लोणंदला कांद्याला भाव मिळाला का? वहिनींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं असेल, त्यांना गॉगल पाठवलाय पिंकीने, पुढच्या खेपेला आणतो. धाकट्याच्या नोकरीचं जमलं का ते कळव.

उत्तर पत्रानेच दे, फोनवर तू नुसतं "हो हो" करतोस. त्या मंडळींना कागद पुढच्या रविवारी हवाय, म्हणून हे स्पीडपोस्टने टाकतोय. ती ओळ तुझ्या शब्दांत लिहून पाठव, मी तशीच घालतो.

काकूंना नमस्कार.

तुझा,
सुधाकर