तांबू कुत्र्याच्या गाठी का उतरल्या

गुहागर,
कोजागरी पौर्णिमा

तीर्थरूप आई आणि बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

रोज फोनवर बोलणे होत असताना पत्र कशाला, असे तुम्हाला वाटेल. बाबांना फोनवर निम्मे ऐकू येत नाही आणि उरलेले निम्मे आई त्यांना तिच्या पद्धतीने सांगते, हे एक कारण झाले. दुसरे कारण असे की, जे लिहिणार आहे ते सांगायला मी गेल्या दोन आठवड्यांत चार वेळा सुरुवात केली आणि चारही वेळा बाबांच्या गुडघ्यावर विषय नेऊन सोडला.

आई, परवा व्हिडिओ कॉलवर तू तांबूचा गळा निरखून पाहिलास, "गाठी पार उतरल्या की रे" म्हणालीस आणि दुर्गादेवीला बोललेली ओटी परत आल्याबरोबर भरायची, असे ठरवूनही टाकलेस. मी नुसता "हो" म्हणालो. त्या रात्री मला झोप लागली नाही. गाठी उतरल्या आहेत हे खरे आहे. तांबू बरा झालेला नाही हेही खरे आहे, आणि या दोन्ही गोष्टी एकाच वेळी कशा खऱ्या असू शकतात ते तुम्हाला नीट कळावे म्हणून पहिल्यापासून लिहितो.

गौरी-गणपतींचे विसर्जन करून तुम्ही पुण्याला निघालात, त्यानंतर दोनच दिवसांनी त्याच्या मानेच्या गोचड्या काढताना जबड्याखाली दोन्ही बाजूंना सुपारीएवढ्या गाठी हाताला लागल्या. पुढे पाहतो तर खांद्यांपुढे आणि मागच्या पायांच्या वाटीमागेही तशाच गाठी होत्या. दाबल्या तरी दुखत नव्हत्या. अंगावर इतक्या गोचड्या पाहिल्यावर डॉक्टरांना आधी गोचीड तापाची शंका आली, कारण त्या तापातही अशा गाठी येतात, म्हणून त्यांनी दहा दिवस डॉक्सिसायक्लिन दिले. त्यात त्यांचे काही चुकले असे मला वाटत नाही. आपल्याकडे पावसाळ्याअखेर दहांतल्या नऊ कुत्र्यांना तेच निघत असेल. परंतु गाठी लहान होण्याऐवजी लिंबाएवढ्या झाल्या, तेव्हा मी त्याला चिपळूणला नेले. तिथल्या डॉक्टरांनी बारीक सुई घालून गाठीतल्या पेशी काचपट्टीवर घेतल्या, त्या तपासायला पाठवल्या आणि पितृपक्ष संपता संपता अहवाल आला. लिम्फोमा, म्हणजे लसिका ग्रंथींचा कर्करोग. हा रोग एका जागी बसून राहत नाही, त्यामुळे "गाठ कापून काढता येणार नाही का", या माझ्या पहिल्याच प्रश्नाला डॉक्टरांनी मान हलवली.

तेव्हा बाबांच्या गुडघ्याच्या ऑपरेशनला जेमतेम दोन आठवडे झाले होते. ताई सांगत होती की, वॉकर धरून खोलीभर चालताना त्यांना घाम फुटतो. अशा वेळी हे सांगितले असते तर बाबा व्यायाम सोडून गाडी शोधायला लागले असते, हे मला ठाऊक होते. म्हणून मी "गाठी आल्या आहेत, औषध चालू आहे" एवढेच सांगितले. त्यात खोटे काही नव्हते आणि पुरेसे खरेही नव्हते.

आता ज्या गोष्टीसाठी मी तुमच्यापुढे अपराधी आहे, ती लिहितो. डॉक्टरांनी माझ्यासमोर दोन मार्ग ठेवले होते. पहिला केमोथेरपीचा: व्हिनक्रिस्टीन, सायक्लोफॉस्फामाइड आणि डॉक्सोरुबिसिन ही औषधे आळीपाळीने, सुरुवातीला दर आठवड्याला आणि नंतर पंधरवड्याने, असे चार ते सहा महिने. या रोगात ती औषधे चांगली लागू पडतात, दहांपैकी आठ कुत्र्यांच्या गाठी जवळजवळ नाहीशा होतात आणि साधारण वर्षभर आयुष्य मिळते. रोग मुळापासून जाणे मात्र क्वचितच घडते. माणसांना केमोत जे हाल सोसावे लागतात, तसे कुत्र्यांना सहसा सोसावे लागत नाहीत, कारण त्यांना मात्राच बेताची देतात. हे मी मुद्दाम लिहितो आहे, कारण "त्याचे हाल नकोत म्हणून केमो केली नाही" असे सांगून मोकळे होणे मला सोपे होते आणि ते खोटे ठरले असते. दुसरा मार्ग घरी राहून प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडची गोळी देण्याचा. काहीच केले नाही तर चार ते सहा आठवडे, गोळीने एक ते दोन महिने, फार तर त्याहून थोडे अधिक.

मी गोळी निवडली. केमोसाठी दर आठवड्याला मुंबईला किंवा कुंभार्ली घाट चढून पुण्याला जावे लागले असते, आणि तांबू गाडीत कसा असतो ते बाबांना चांगले माहीत आहे. चिपळूणच्या ४५ किलोमीटरांत तो तीन वेळा ओकला आणि सीटखाली शिरून असा थरथरत राहिला की, उतरवताना त्याला दोघांनी उचलावे लागले. त्याच्या उरलेल्या वर्षातले इतके दिवस त्या सीटखाली जाणार, हा हिशेब माझ्या मनात आला. पैशांचाही आला, ते नाकारत नाही. केमोनंतर काही दिवस त्याचे मलमूत्र हातमोजे घालून उचलायचे, लहान मुलांना त्यापासून दूर ठेवायचे, आणि आपल्या ओटीवर तर संध्याकाळी शेजारची सगळी पोरे असतात, हेही आले. पण यांतले एकही कारण असे नव्हते की, तुम्हाला एक फोन करण्याइतका वेळ मला नव्हता.

ती एकच गोष्ट मला खात राहिली आहे, कारण डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले होते: एकदा ही गोळी सुरू केली की रोगाच्या पेशी तिला निर्ढावतात आणि मग पुढे विचार बदलून केमो करायची म्हटली तरी ती तितकीशी लागू पडत नाही. म्हणजे दार एकदाच उघडणार होते. अकरा वर्षांपूर्वी बाबांनी ज्याला बाजारातून नारळाच्या हाऱ्यात घालून आणले, आईने "कुत्रा घरात येता कामा नये" असे बजावून आठव्या दिवशी ज्याला पडवीत गोणपाट घातले, त्याच्याबद्दलचा निर्णय मी दवाखान्याच्या बाकावर बसून एकट्याने घेतला आणि घटस्थापनेच्या आदल्या संध्याकाळी पहिली गोळी दिली. निर्णय चुकला असे मला आजही वाटत नाही. तो तुमच्याशिवाय घेतला, हे चुकले.

गाठी उतरल्या त्या या गोळीने. ती रोगट पेशींना काही काळ मारते, सूज ओसरते, भूक वाढते आणि जनावर पुन्हा पूर्वीसारखे दिसू लागते. पुढे उरलेल्या पेशी तिला जुमानत नाहीत आणि गाठी परत येतात. आज तिला साधारण दोन आठवडे झाले. आई, तू पाहिलास तो या मधल्या काळातला तांबू.

आणि हा मधला काळ चांगला चालला आहे, हेही तितक्याच खरेपणाने सांगतो. सकाळची गोळी मी आंबोळीच्या तुकड्यात देतो, कारण ती रिकाम्या पोटी द्यायची नसते. गोळीमुळे तहान फार लागते. विहिरीवरची डोण तो दिवसातून दोनदा रिकामी करतो आणि साहजिकच रात्री दोन-तीन वेळा बाहेर जायला मागतो. पहिल्या आठवड्यात दोनदा ओटीवरच झाली, तेव्हा तो कोपऱ्यात तोंड घालून असा बसला की, पुसता पुसता मलाच त्याची माफी मागावीशी वाटली. आता मी ओटीवरच खाट टाकून झोपतो आणि त्याने नख वाजवले की बेडे उघडतो. भूक तर अशी की, दुपारचे जेवण झाल्यावर तासाभरात पुन्हा येऊन उभा राहतो. भाताबरोबर उकडलेले अंडे किंवा काटे काढलेला मासा देतो. सगळे बाहेरच्या चुलीवर, त्याच्या वेगळ्या टोपात शिजते आणि पोफळीच्या विरीत वाढले जाते, तेव्हा तुझी भांडी बाटलेली नाहीत, निश्चिंत अस. खाऊनही अंग मात्र भरत नाही. पाठीचा कणा हाताला लागतो, पाय बारीक झाले आहेत, आणि पाखाडीच्या चिऱ्यांच्या पायऱ्या चढताना तो मध्ये थांबून, जणू काही वास घ्यायचाच होता अशा थाटात, गवत हुंगतो.

दोन सूचना आहेत, रागावू नकोस. मागे तू म्हणालीस की, पाय दुखत असतील तर बाबांच्या गुडघ्याच्या गोळीतली अर्धी दे. ती चुकूनही द्यायची नाही. त्या जातीच्या वेदनाशामक गोळ्या आधीच कुत्र्यांना सोसत नाहीत, त्यात प्रेडनिसोलोनबरोबर पोटात गेल्या तर पोटात-आतड्यात व्रण पडून रक्तस्राव होऊ शकतो. (बाबांना आठवत असेल, पूर्वी मेलेल्या गुराभोवती गिधाडे उतरत असत. ती नाहीशी होण्यामागे गुरांना दिले जाणारे डायक्लोफिनॅक हे याच जातीचे औषध होते आणि २००६ साली जनावरांसाठी त्यावर बंदी आली.) दुसरी सूचना बेदाण्यांची. तू आलीस की प्रसादाचा शिरा त्याला देणार, हे मी थांबवू शकत नाही, पण त्यात बेदाणे घालू नकोस. कुत्र्यांच्या मूत्रपिंडांना ते बाधतात.

शेजारच्या काकूंनी दोन प्रश्न केले आणि ते तुमच्याही कानांवर येतील म्हणून लिहितो. मुलांना हा रोग लागेल का, हा पहिला. लागत नाही; मुले पूर्वीसारखीच त्याच्याशी खेळतात. दुसरा असा की, बंदरावरच्या कुत्रीला कर्करोगच झाला होता आणि ती चार-पाच इंजेक्शनांत खडखडीत बरी झाली, मग तांबूला तेच का देत नाही? त्या कुत्रीला झाला होता तो कुत्र्याकडून कुत्र्याला संगाने लागणारा निराळा अर्बुद होता, तो व्हिनक्रिस्टीनने बहुधा पूर्ण बरा होतो. नाव कर्करोगाचेच असले तरी जात वेगळी. काकूंना ते पटले नाही, मी कंजूषपणा करतो आहे असे त्यांना वाटते, आणि त्यांच्या डोळ्यांनी पाहिले तर तसे वाटण्यात काही नवल नाही.

बाबा, तुमच्या सुपारीच्या हिशेबाच्या जुन्या वहीची मागची पाने मी वापरायला घेतली आहेत. ॲलिस व्हिलालोबोस नावाच्या अमेरिकेतल्या एका पशुवैद्यांनी अशा आजारी जनावरांसाठी सात प्रश्न घालून दिले आहेत: वेदना, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल, आणि वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का. प्रत्येकाला दहांपैकी गुण द्यायचे आणि सत्तरांपैकी बेरीज पस्तीसच्या वर असेपर्यंत चालू ठेवायचे. मी रोज रात्री ते मांडतो. गेल्या आठवड्यात त्रेपन्नच्या आसपास होते, काल अठ्ठेचाळीस झाले. आनंदाच्या रकान्यात मला रोज अडखळायला होते. तो दुपारी चार वाजता उठून तुमच्या आरामखुर्चीपाशी जातो, कापडाचा वास घेतो आणि तिथेच बसून राहतो; याला किती गुण द्यायचे?

गाठी परत आल्या, श्वास लागू लागला किंवा त्याने अन्न सोडले, तर पुढचा प्रश्न उभा राहील. डॉक्टर घरी यायला तयार आहेत. आधी गुंगीचे इंजेक्शन, तो गाढ झोपला की मग भुलीच्याच जातीच्या औषधाची मोठी मात्रा शिरेतून, आणि काही मिनिटांत संपते. आई, "जो जीव आपण घातला नाही तो घेणारे आपण कोण" असे तू पूर्वी पाडसाच्या वेळी म्हणाली होतीस, ते मी विसरलेलो नाही. त्या पाडसाच्या शेवटच्या दोन रात्री तूच गोठ्यात बसून काढल्या होत्यास, तेही विसरलेलो नाही. या वेळी मी एकट्याने ठरवणार नाही. तुम्ही दोघांनी बोलून, बाबांना मोठ्याने वाचून दाखवून, मला काय ते सांगा; नाही म्हणालात तर तसे, हो म्हणालात तर तसे. जागेचेही बाबांनीच सांगावे. आगरात विहिरीपासून लांब, रातांब्याखाली गडग्याला लागून माती मऊ आहे, बाकी सगळीकडे दोन हातांवर जांभा लागतो.

दिवाळीनंतर येण्याचा तुमचा बेत आहे, तो अलीकडे आणता आला तर आणा. डॉक्टरांना विचारूनच निघा, निघेपर्यंत पाच-सहा आठवडे होतील, तेव्हा बहुधा ते नाही म्हणणार नाहीत. मोठी गाडी करा, पुढच्या सीटवर बाबांना पाय लांब करता येईल अशी, आणि दर तासाला थांबून चार पावले चाला. ओटीच्या पायऱ्यांना मी बांबूचा कठडा बांधून घेतला आहे.

आणि येणे लांबणार असेल तर एक कर. बाबांचा रोजचा पंचा, अंगावरून काढलेला, न धुता, पिशवीत घालून एस.टी.च्या पार्सलने पाठव. खुर्चीच्या कापडाला आता फारसा वास उरलेला नाही.

तुमचा,
नंदू