दाखल रुग्णाला दुकान निवडू द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रुग्णालयाच्या बिलाबद्दल कुणी तोंड उघडले की उत्तर ठरलेले : ‘एमआरपीपेक्षा एक रुपया जास्त घेतलेला नाही.’ बहुतेक वेळा ते खरेही असते. नाशिकच्या सिडकोत माझे मेडिकल आहे, म्हणून सांगतो, गोम त्या एमआरपीतच आहे.

परवा दिंडोरीकडचे एक शेतकरी वडिलांचे डिस्चार्ज बिल घेऊन काउंटरवर आले. ‘‘भाऊ, एवढं कशाचं लावलंय, बघा ना.’’ आयव्ही सेट (सलाइनची नळी), थ्री-वे (त्या नळीला जोडायची तीन तोंडांची तोटी), सिरिंज, हातमोजे, कापूस. एकाही ओळीत एमआरपी ओलांडलेली नव्हती. पण त्यातल्या बऱ्याच वस्तू माझ्याकडे निम्म्याहून कमी भावात मिळतात. त्यांना त्या आणू दिल्या नव्हत्या. बाहेरचे चालत नाही म्हणे. आता एफडीएकडे (अन्न व औषध प्रशासनाकडे) तक्रार तरी कशाची करायची?

राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरणाने २०१८ मध्ये दिल्ली परिसरातल्या चार खासगी रुग्णालयांची बिले तपासली होती. ५ रुपये ७७ पैशांना घेतलेला थ्री-वे रुग्णाला १०६ रुपयांना लावलेला. नफा १,७३७ टक्के, आणि तोही छापील किमतीच्या आत! मोठी रुग्णालये माल थेट कंपनीकडून घाऊक उचलतात आणि किंमत फुगवून छापायला लावतात. ज्याची एमआरपी चढी, त्याच्या मालात रुग्णालयाला सुटते जास्त. म्हणजे कंपन्यांची चढाओढ आहे, पण भाव वाढवून छापण्याची. आम्हा किरकोळ विक्रेत्यांना सरकारने किंमत ठरवलेल्या औषधांवर १६ टक्के नफा बांधून दिलाय, त्यातही गिऱ्हाईक डिस्काउंट मागते ते वेगळेच.

रुग्णालयांच्या अशा मक्तेदारीला आवर घालण्यासाठी २००२ चा स्पर्धा कायदा आणि तो राबवणारा स्पर्धा आयोग आहे. दिल्लीच्या मॅक्स रुग्णालयात साडेएकोणीस रुपयांना लावलेली सिरिंज बाहेर दहाला मिळते, अशी तक्रार एका ग्राहकाने स्पर्धा आयोगाकडे नेली. दाखल झालेला रुग्ण अडकलेला असतो, हा मुद्दा आयोगाने उचलला आणि २०१८ मध्ये तपास इतर सुपरस्पेशालिटी रुग्णालयांपर्यंत वाढवला. पण या वाटेने न्याय मिळेपर्यंत रुग्णाची नातवंडे मोठी होतील. पवईच्या हिरानंदानी रुग्णालयाने नाळेतील रक्त साठवण्यासाठी एकाच कंपनीशी करार केला, म्हणून आयोगाने २०१४ मध्ये ३ कोटी ८१ लाखांचा दंड केला; २०१६ मध्ये अपिलात तो रद्द झाला.

आमचा धंदाही धुतल्या तांदळासारखा नाही, हेही लिहितो. औषधविक्रेत्यांच्या संघटनेच्या ‘एनओसी’शिवाय (ना-हरकत पत्राशिवाय) कंपनीने स्टॉकिस्ट, म्हणजे घाऊक विक्रेता, नेमायचा नाही, असा दंडक वर्षानुवर्षे चालला. त्यावरून २०१२ मध्ये गोव्याच्या आणि २०१३ मध्ये अखिल भारतीय संघटनेला आयोगाने दंड ठोठावला. बरे झाले. (संघटनेतले मित्र हे वाचून रागावतील, रागावोत.)

मार्च २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रुग्णालयातील औषध दुकानांचा प्रश्न राज्यांच्या धोरणावर सोपवला. आपल्या सरकारने २०२१ मध्ये शुश्रूषागृह नोंदणीचे नियम सुधारून रुग्ण हक्कांची सनद दर्शनी भागात लावायला लावली. त्याच नियमांत आता स्पष्ट लिहा, की तातडीची गरज नसेल तेव्हा औषधे व साहित्याची चिठ्ठी नातेवाइकांच्या हातात मिळालीच पाहिजे आणि ते कुठूनही आणता आले पाहिजे. अतिदक्षता विभाग आणि थंड ठेवायची औषधे वगळा, माझी हरकत नाही. पण कापसाला आणि हातमोज्यांना कसला फ्रिज? दर्जाची शंका असेल तर बॅच नंबर आणि बिल ताडून घ्या. पक्के बिल आम्ही देतोच.

– एक औषधविक्रेता, सिडको, नाशिक