घरच्या व्हिडिओंच्या डीव्हीडीसाठी घेतलेल्या तुमच्या सॉफ्टवेअरबद्दल तक्रार आणि पैसे परत मिळण्याबाबत

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

नमस्कार,

तुमचं डीव्हीडी बनवायचं सॉफ्टवेअर मी विकत घेतलं, फुल व्हर्जन, आणि आता त्याचे पैसे मला परत हवेत. का हवेत ते सविस्तर लिहितेय, कारण याआधी तुमच्या सपोर्टला थोडक्यात लिहिलं होतं तर उत्तर आलं की अनइन्स्टॉल करून परत इन्स्टॉल करा. माझ्या तक्रारीचा इन्स्टॉलशी काही संबंधच नाहीये. सॉफ्टवेअर चालू होतं, कुठे एरर देत नाही, शेवटी डिस्क तयार झाली असा मेसेज पण येतो. पण जी डिस्क तयार होते ती ज्यांच्यासाठी बनवली त्यांना लावताच येत नाही, तक्रार ही आहे.

मला काय हवं होतं ते आधी सांगते. घरी जुन्या कॅमकॉर्डरच्या मिनी डीव्ही टेप्स होत्या, मुलं लहान असतानाच्या, त्या सगळ्या मी कॉम्प्युटरवर घेतल्या आणि त्यात नंतरचे मोबाईलवरचे काही व्हिडिओ घालून आई-बाबांसाठी डीव्हीडी बनवायच्या होत्या. पेन ड्राइव्हवर का नाही देत असं सगळेच विचारतात, तर त्यांना फाइल शोधणं, फोल्डर उघडणं हे जमत नाही आणि ते शिकायचा त्यांना कंटाळा आहे, त्यात काही चूक नाही. डीव्हीडी प्लेअर मात्र त्यांना पाठ आहे. डिस्क घालायची, समोर मेनू येतो, बाणाने खाली जायचं, ओके दाबायचं. म्हणजे मेनू हीच माझी मुख्य गरज होती, तो शोभेसाठी नको होता.

निवडताना मी बरीच शोधाशोध केली. पूर्वी विंडोज ७ च्या होम प्रीमियममध्ये डीव्हीडी मेकर आयतंच मिळायचं, विंडोज ८ पासून ते गेलं. फुकटवाल्यांत डीव्हीडीस्टायलर बघितलं, त्यात टायटलसेट, पोस्ट कमांड असे तेव्हा न कळणारे शब्द दिसले म्हणून ते सोडून दिलं. तुमच्या पेजवर मोठ्या अक्षरात होतं की ३ स्टेपमध्ये मेनूसकट डीव्हीडी, काहीही माहिती नसलं तरी चालेल. ट्रायल घेतलं तर त्यात डिस्क बर्न होत नाही, फक्त प्रीव्ह्यू दिसतो. प्रीव्ह्यू छान होता. त्यावर विश्वास ठेवून मी पैसे भरले.

आता मेनूचं ऐका. तुमचा प्रीव्ह्यू माउसने चालतो. ज्या बटणावर बाण नेला ते उघडतं, त्यामुळे सगळं व्यवस्थितच दिसतं. टीव्हीवर माउस नसतो, रिमोट असतो. डिस्क लावली, मेनू आला, आणि बाबा रिमोट हातात धरून विचारतात की आता मी कुठे आहे. कारण कुठलं बटण निवडलेलं आहे ते दिसतच नव्हतं. तुमच्या त्या टेम्प्लेटची बॅकग्राउंड फिक्कट पिवळी आणि निवडलेल्या बटणाची चौकट त्याहून जरा गडद पिवळी, मी टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन बघितलं तेव्हा मला दिसली. डीव्हीडीमध्ये निवडलेलं बटण दाखवायला चित्राच्या वर एक वेगळा थर असतो, सबपिक्चर म्हणतात त्याला, आणि त्यात एकावेळी चारच रंग मिळतात, हे मी नंतर वाचलं. चार तर चार, पण त्यातला एक मला निवडू द्या की! तुमच्या सगळ्या सेटिंग्ज मी उलट्यापालट्या केल्या, रंग बदलायची सोय कुठेच नाही. अक्षराचा रंग बदलतो, चौकटीचा नाही.

बरं, अंदाजाने बाण दाबत गेलो तर तिसऱ्या बटणावरून खाली दाबलं की काहीच होत नाही. खाली अजून बटणं आहेत, ती दिसतायत, पण तिथे जाता येत नाही. उजवीकडे दाबलं की एकदम पहिल्यावर. डीव्हीडीच्या मेनूत प्रत्येक बटणाला वर, खाली, डावीकडे, उजवीकडे दाबल्यावर कुठे जायचं हे ठरवून द्यावं लागतं, ते तुमचं सॉफ्टवेअर आपोआप ठरवतं आणि मी बटणं जरा इकडेतिकडे सरकवली की ते चुकतं. हाताने दुरुस्त करायला जागा नाही. म्हणजे जे व्हिडिओ मी डिस्कवर घातले त्यातले शेवटचे दोन माझ्या आई-बाबांना कधीच लावता येणार नाहीत, ते डिस्कवर असून नसल्यासारखे. आणि एक व्हिडिओ संपला की परत मेनूवर यायला हवं ना, तर ते सरळ पुढचा व्हिडिओ सुरू करतं. ज्यांना मेनू बटण कुठलं ते शोधावं लागतं त्यांच्यासाठी हे किती त्रासाचं आहे ते कृपया समजून घ्या.

मेनूतली मराठी नावं तर सांगायलाच नको. पहिला वाढदिवस असं टाइप केलं तर वेलांट्या भलत्याच अक्षरांवर गेल्या, आजीच्या गोष्टी लिहिलं तर च्या आणि ष्टी दोन्ही फुटून पाय मोडलेली सुटी अक्षरं आली. टाइप करायच्या चौकटीत बरोबर दिसतं, मेनूवर उमटताना मोडतं. फॉन्ट बदलून बघितले, युनिकोडचेच होते सगळे, तरी तेच. शेवटी सगळी नावं दुसऱ्या प्रोग्रामात लिहून चित्र म्हणून चिकटवावी लागली. इतक्या भाषांची नावं तुमच्या पेजवर आहेत तर निदान एकदा तरी कोणी जोडाक्षर टाइप करून बघायला हवं होतं.

प्रकरणं पाडायची म्हणजे चॅप्टर, ते तुम्ही दर ५ मिनिटांनी आपोआप पाडता. घरच्या व्हिडिओला याचा काय उपयोग? केक कापण्याच्या मध्येच चॅप्टर सुरू होतो. त्यावर मेनूत दिसणारं छोटं चित्र तुम्ही चॅप्टरच्या पहिल्याच फ्रेमचं घेता. प्रत्येक भागाची सुरुवात मी फेड इनने, म्हणजे काळ्यातून हळूहळू उजळत केलेली, त्यामुळे जिथे माझा भाग आणि तुमचा चॅप्टर एकाच जागी आला तिथे नुसता काळा चौकोन. दुसरी फ्रेम निवडायची सोय नाही.

आता जागेबद्दल, कारण इथे माझा सगळ्यात जास्त वेळ गेला. माझे व्हिडिओ साधारण दोन तासांचे होते. साधी सिंगल लेयर डिस्क ४.७ जीबीची, कॉम्प्युटर ती ४.३७ दाखवतो. एवढ्या जागेत दोन तास बसवायचे तर आवाज धरून सेकंदाला ५ मेगाबिटच्या आसपास ठेवावं लागतं आणि तेवढ्यात घरचे व्हिडिओ ठीकठाक दिसतात. ८ ला ठेवलं तर जेमतेम सव्वा तास बसतो. हा साधा गुणाकार-भागाकार आहे, व्हिडिओ टाकल्या टाकल्या सॉफ्टवेअरला करता येतो. तुमचं काय करतं, तर बेस्ट क्वालिटी असं एकच बटण, रात्रभर एन्कोडिंग, म्हणजे व्हिडिओ डीव्हीडीला चालेल अशा स्वरूपात बदलणं, आणि सकाळी मेसेज की डिस्कवर पुरेशी जागा नाही. मग क्वालिटी कमी करा, परत सगळं पहिल्यापासून. जागेत बसल्यावर मेनूतलं एक नाव चुकलेलं दिसलं, ते दुरुस्त केलं तर त्यासाठी पण अख्खा व्हिडिओ परत एन्कोड! व्हिडिओ तोच आहे, बदललाय फक्त मेनू, तर डीव्हीडीसाठी आधी तयार झालेली एमपेग-२ व्हिडिओ फाइल तशीच ठेवून वापरता येत नाही का?

आयएसओ, म्हणजे अख्ख्या डिस्कची एकच फाइल, बनवायची सोय नाही हे तर मला सगळ्यात खटकलं. आयएसओ किंवा डिस्कवर जातो तो नुसता व्हिडिओ टीएस फोल्डर जरी मिळाला असता तर मी तो कॉम्प्युटरवरच्या व्हीएलसी प्लेअरमध्ये उघडून मेनू, बाणाची बटणं सगळं आधीच तपासलं असतं. तुम्ही सरळ डिस्कवरच लिहिता, त्यामुळे प्रत्येक चूक डिस्क वाया घालवल्यावरच कळते.

टेपवरचं फुटेज ४:३ आणि मोबाईलचं १६:९. डीव्हीडीमध्ये हे दोन्ही एकाच डिस्कवर चालतं, वेगवेगळ्या टायटलसेटमध्ये, म्हणजे डिस्कवरच्या व्हिडिओंच्या वेगळ्या गटांत ठेवायचं फक्त. तुमच्याकडे अख्ख्या प्रोजेक्टला एकच आकार, त्यामुळे एक तर टेपवरची मुलं रुंद नाहीतर मोबाईलवरची लांबुडकी. आणि डीव्ही टेपचं फुटेज इंटरलेस्ड असतं, म्हणजे प्रत्येक फ्रेम एकाआड एक ओळींच्या दोन फील्डमध्ये विभागलेली असते, त्यात खालची फील्ड आधी येते, तुम्ही सगळं वरची आधी धरून एन्कोड करता असं दिसतंय. कॉम्प्युटरवर कळलं नाही, टीव्हीवर मुलगी झोक्यावर बसलीये आणि झोका पुढे जाताना प्रत्येक क्षणी किंचित मागे येतोय, थरथरल्यासारखा. बघवत नाही ते. मोबाईलच्या व्हिडिओत तर आवाज हळूहळू मागे पडत जातो, शेवटाकडे ओठ आधी हलतात आणि बोलणं नंतर ऐकू येतं. मोबाईल सगळ्या फ्रेम सारख्या अंतराने रेकॉर्ड करत नाही हे आता जगाला माहितीये, तुमच्या सॉफ्टवेअरला पण माहिती हवं.

हे सगळं तुमच्या सपोर्टला मी स्क्रीनशॉटसकट पाठवलं. त्यांच्या उत्तराची वाट बघण्यात पैसे परत मागायची मुदत संपली आणि मग मला कळवण्यात आलं की मुदत संपल्यामुळे रिफंड देता येत नाही. तक्रार मुदतीच्या आत केली होती, ईमेलवर तारीख आहे, उशीर तुमच्याकडून झाला. हे मला अजिबात मान्य नाही.

या दरम्यान मी तीच डिस्क डीव्हीडीस्टायलरमध्ये बनवली, तेव्हा हे होऊच शकत नाही असं कृपया सांगू नका. टायटलसेट दोन केले, निवडलेल्या बटणाला गडद लाल रंग दिला, प्रत्येक बटणाची दिशा बघून घेतली, व्हिडिओ संपला की मेनूवर यायचं हे सांगितलं, आयएसओ काढून तपासली आणि मग कमी स्पीडवर लिहिली. ते शब्द समजून घ्यायला वेळ लागला, पण जे विचारायला हवं ते सॉफ्टवेअरने विचारलं तरी. तुम्ही सोपं करायच्या नावाखाली नेमके तेच प्रश्न काढून टाकलेत आणि त्यांची उत्तरं परस्पर, चुकीची देऊन ठेवलीत. तुमचं सॉफ्टवेअर जे लोक घेतात ते माझ्यासारखेच असणार, आई-वडिलांसाठी नाहीतर मुलांसाठी काहीतरी जपून ठेवायला निघालेले, त्यांना फील्ड ऑर्डर माहिती नसणार. म्हणूनच ते पैसे देऊन तुमच्याकडे येतात ना?

तर माझी मागणी अशी आहे. माझे पूर्ण पैसे ज्या कार्डावरून घेतले त्याच कार्डावर परत करा. ट्रायलमध्ये निदान एक आयएसओ बनवू द्या, हवं तर त्यावर तुमचा लोगो छापा, पण माणसाला घेण्याआधी टीव्हीवर लावून बघता आलं पाहिजे. प्रीव्ह्यूमध्ये माउस बंद करून रिमोटचे बाण द्या. आणि जोपर्यंत निवडलेल्या बटणाचा रंग आणि दिशा बदलता येत नाहीत तोपर्यंत पेजवरून ते काहीही माहिती नसलं तरी चालेल हे वाक्य काढा.

सॉफ्टवेअर मी कॉम्प्युटरवरून काढून टाकलंय, लायसन्स तुमच्याकडून बंद केलंत तरी हरकत नाही. खरेदीची पावती, सपोर्टशी झालेले सगळे ईमेल आणि टीव्हीवरच्या मेनूचे फोटो सोबत जोडलेत. उत्तर लेखी द्या, आणि कृपया हे पत्र पूर्ण वाचलेल्या माणसाकडून द्या.

आपली,
एक ग्राहक