तळवलकरांचे अग्रलेख वाचायचे कुठे?

महोदय,

आपल्या रविवार पुरवणीतील गोविंद तळवलकरांवरचा लेख वाचला. २२ जुलै २०२५ रोजी त्यांच्या जन्माला शंभर वर्षे झाली, त्या निमित्ताने बरेच छापून आले; आपला लेख त्यातल्या त्यात बरा. पण तोही व्यासंग, करारी स्वभाव आणि ह्यूस्टनमधली अखेरची वर्षे या ठरलेल्या मुक्कामांवरून गेला. १९६८ ते १९९६ इतका काळ ‘महाराष्ट्र टाइम्स’चे संपादक असलेल्या माणसावर पानभर मजकूर, आणि त्यात त्यांच्या अग्रलेखातले एक वाक्य नाही! लेखकाला दोष देत नाही. ते अग्रलेख कोणाच्या हाताशी आहेत?

मी डोंबिवलीचा, म्हणजे त्यांच्याच जन्मगावचा, आणि पेशाने ग्रंथपाल. वर्तमानपत्रांच्या बांधीव खंडांशी माझा आयुष्यभराचा संबंध. वर्तमानपत्राचा कागद मुळातच हलका. पिवळा पडतो, मग तपकिरी होतो आणि पान उलटताना कडेचे तुकडे हातात येतात. अग्रलेख असतो पानाच्या डाव्या अंगाला. त्यामुळे कड झडली की ओळींची पहिली अक्षरे आधी जातात. वाचणारा अंदाजाने शब्द पुरे करतो. तळवलकरांसारख्या शब्द तोलून लिहिणाऱ्या संपादकाच्या बाबतीत हा अंदाज धोक्याचाच. माझ्या माहितीतल्या एका जुन्या वाचनालयाने तर जागा नाही म्हणून सत्तरच्या दशकातले खंड टेम्पोत भरून रद्दीला घातले. ठराव रीतसर झाला होता म्हणे.

याचा परिणाम पाहा. १९७८ च्या जुलैत वसंतदादांचे सरकार पडले आणि शरद पवार मुख्यमंत्री झाले. त्याआधी तळवलकरांनी ‘श्रींची इच्छा’ म्हणून अग्रलेख लिहिला आणि त्यातले ‘श्री’ म्हणजे यशवंतराव चव्हाण, ही गोष्ट राजकारणातली माणसे अजून रंगवून सांगतात. पण शीर्षकात ‘श्रींची इच्छा’च्या आधी कोणी ‘राज्य जावे’ म्हणतो, कोणी ‘सरकार पडावे’. राज्याच्या इतिहासातल्या एवढ्या मोठ्या घडामोडीशी जोडलेला अग्रलेख, आणि त्याचे शीर्षकसुद्धा ऐकीव!

मी त्यांचा भक्त नव्हे. यशवंतरावांशी त्यांची जवळीक होती आणि त्या जवळिकीचे सावट लेखणीवर पडते, असे मला तेव्हाही वाटे. आमच्या घरी यावरून वाद व्हायचे. वडील त्यांच्या बाजूचे, मी विरुद्ध. पण ज्याला ते काँग्रेसधार्जिणे वाटतात त्यालाही पुरावा लागतोच की. आणीबाणीतल्या सेन्सॉरशिपमध्ये त्यांनी काय लिहिले, काय लिहायचे टाळले, १९८२ च्या गिरणी संपाच्या वेळी त्यांचा सूर काय होता, हे आज पत्रकारिता शिकणाऱ्या मुलीला तपासायचे असेल, तर तिने जायचे कुठे?

पुस्तके आहेत, ठाऊक आहे. ‘सत्तांतर’ आहे, ‘नवरोजी ते नेहरू’ आहे. साम्यवादाकडून पुढे मानवतावादाकडे वळलेले विचारवंत एम. एन. रॉय यांच्या विचारांचा संस्कार घेतलेल्या या माणसाने सोव्हिएत साम्राज्याच्या उदयास्तावर दोन खंड लिहिले. मला तर ते वाचताना १९८९ ते ९१ मधले अग्रलेख शेजारी हवे होते. रशिया कोसळताना रोज रात्री अंक छपाईला जाण्याआधी लिहिलेले एक, आणि नंतर निवांतपणे, संदर्भ चाळून लिहिलेले दुसरे. संपादकाची खरी परीक्षा पहिल्यात होते.

‘टाइम्स ऑफ इंडिया’चे १८३८ पासूनचे जुने अंक वर्गणी भरणाऱ्या ग्रंथालयांत संगणकावर शब्द टाकून शोधता येतात. हे मराठीत व्हायला काय हरकत आहे? शताब्दीची व्याख्याने झाली, हारतुरे झाले. आता वृत्तपत्रसंस्था, विद्यापीठ आणि राज्य सरकार यांपैकी कोणीतरी पैसे काढावेत आणि निदान ही अठ्ठावीस वर्षांची संपादकीय पाने तरी सर्वांना खुली करावीत. तळवलकरांपासून सुरुवात करा, मग ह. रा. महाजनींचा ‘लोकसत्ता’ घ्या, ज्यांच्या हाताखाली ते आधी काम करीत होते.

काम हाती घेणाऱ्यांना एक विनंती. खंड स्कॅनिंगच्या यंत्राच्या काचेवर उपडे दाबू नका, पाने मोडतात. पाळण्यात ठेवल्यासारखे अर्धवट उघडे ठेवून वरून कॅमेऱ्याने टिपा. आणि शिलाई उसवायची असेल तर आधी एखाद्या जुन्या बाइंडरला विचारा.

— एक निवृत्त ग्रंथपाल, डोंबिवली