माझ्याकडं परवान्याची बंदूक आहे, म्हणून बोलतो

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात तुमच्या पेपरात एका वाचकाचं पत्र आलं होतं. गुन्हेगाराला जागेवरच गोळी घाला आणि सज्जन माणसाला बंदुकीचा परवाना मागितल्याबरोबर द्या, असा सगळा सूर. आमच्या जुळे सोलापूरच्या चहाच्या टपरीवर ते पत्र चार दिवस गाजलं, सगळ्यांनी माना डोलावल्या, एक जण तर म्हणाला "बरोबरच लिहिलंय की बे, वकील आन् तारखा कशाला पायजेत". मी गप्प चहा पीत बसलो होतो. गंमत अशी की त्या टपरीवर परवान्याची बंदूक असलेला मी एकटाच होतो, आणि मान न डोलावणारा पण मी एकटाच.

बंदूक वडिलांची. बारा बोअरची दुनळी. मोहोळ तालुक्यात आमचं शेत आहे, रानडुकरं आणि काळविटं पिकात घुसायची म्हणून शेतीसंरक्षणाच्या नावाखाली घेतलेली, काळवीट मारायला तर कायद्यानं बंदीच आहे म्हणून वडील नुसता हवेत बार काढायचे. वडील गेले तशी बंदूक पोलिस ठाण्यात जमा झाली आणि वारस म्हणून परवाना माझ्या नावावर व्हायला दीड वर्ष लागलं. चारित्र्य पडताळणी, डॉक्टरचं सर्टिफिकेट, शेजाऱ्यांकडं चौकशी. शेजारच्या काकूंनी तर आलेल्या पोलिसालाच उलट विचारलं, "का हो, ह्यानं कुणाला मारलंय का काय?"

तेव्हापासून मी ती किती वेळा चालवली, तर एकदा. डुकरांवर. नेम चुकला, आवाजानं शेजारच्या वस्तीवरची म्हैस दावं तोडून पळाली आणि आमची सगळी सकाळ म्हैस हुडकण्यात गेली. बाकी वेळ ती कपाटात असते नाहीतर ठाण्यात, कारण निवडणूक लागली की बंदूक जमा करायची, आचारसंहिता उठली की परत आणायची. २०२४ ला लोकसभा झाली, मग विधानसभा झाली, दोन्ही वेळा तिला रिक्षात घालून नेलं आणि आणलं.

आणि चोर आला तो नेमका ती ठाण्यात असताना! रात्री दोनच्या सुमारास मागच्या दाराची कडी वाजली. माझी बायको अक्कलकोटची, घाबरली की कानडीत जाते, तिनं "यारू? यारू?" करून अशी बोंब मारली की चोर गॅसची टाकी कंपाउंडमध्येच टाकून पळाला. सकाळी कळलं, मागच्या गल्लीतलंच पोरगं होतं, सतरा-अठरा वर्षांचं, बाप बिडी कारखान्यात हिशोबाला जायचा तो अंथरुणाला खिळलेला. मला त्या दिवसापासून एकच विचार येतो की बंदूक घरात असती तर? आधी कपाटाची किल्ली, मग दुसऱ्या डब्यातली काडतुसं, अंधारात थरथरणारे हात, आणि समजा हे सगळं जमलंच असतं तर मी एका गॅसच्या टाकीसाठी त्या पोराच्या छातीत छर्रे घातले असते. कायदा काय म्हणतो तेही मी नंतर वाचलं. रात्रीच्या घरफोडीत स्वसंरक्षणाचा हक्क जीव घेण्यापर्यंत जाऊ शकतो, पण गरजेपेक्षा जास्त इजा करायची नाही, आणि गरज किती होती ते सिद्ध करायला कोर्टात उभं राहायचं मी. पाठमोऱ्या पळणाऱ्या पोरावर झाडली असती तर काय सांगणार होतो तिथं?

आता मुद्दा असा की हेच पोलिसांनाही लागू आहे, आणि हे टपरीवर कुणाला खरंच वाटत नाही. लोकांना वाटतं पोलिसाला गोळी घालायचं वेगळं लायसन असतं. तसं काय नाही. पूर्वीच्या सीआरपीसीचं, म्हणजे फौजदारी प्रक्रिया संहितेचं, कलम ४६, आता नव्या कायद्यात ४३, त्यात स्पष्ट लिहिलंय की ज्याच्यावर फाशी किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्याचा आरोप नाही त्याला अटक करताना त्याचा जीव घ्यायचा हक्क पोलिसाला मिळत नाही. आणि मोठ्या गुन्ह्यातला आरोपी असला तरी ताब्यात आल्यावर गोळी घालता येते असा अर्थ कुठंच होत नाही. एन्काउंटरनंतर पोलिस कोर्टात जे सांगतात ते स्वसंरक्षणच असतं, म्हणजे त्या रात्री मी सांगितलं असतं तेच.

२०१९ साली हैदराबादला एका मुलीवर बलात्कार आणि तिचा खून केल्याचा आरोप असलेल्या चौघांना पोलिसांनी एन्काउंटरमध्ये मारलं तेव्हा आमच्या पूर्व भागातल्या एका तेलुगू मित्रानं पेढे वाटले होते. मीही खाल्ला, खोटं कशाला सांगू, व्हिडिओपण पुढं पाठवला, पोलिसांवर फुलं टाकणारी माणसं बघून डोळ्यात पाणी आलं होतं कारण त्या मुलीबरोबर झालं ते भयंकरच होतं. मग अडीच वर्षांनी न्यायमूर्ती सिरपूरकर आयोगाचा अहवाल आला. सुप्रीम कोर्टानं नेमलेला आयोग, अध्यक्ष मराठी माणूस, आणि त्यांनी लिहिलं की पोलिसांनी मारायच्या हेतूनंच गोळ्या झाडल्या, दहा पोलिसांवर खुनाचा खटला चालवा, आणि चौघांतले तिघं अल्पवयीन होते. तो अहवाल आला त्या दिवशी कुणी काय वाटलं नाही, टपरीवर विषयसुद्धा निघाला नाही.

बदलापूरचं तर ताजंच आहे. दोन लहान मुलींवर अत्याचाराचा आरोप असलेला माणूस पोलिसांच्या गाडीत, पोलिसांच्या ताब्यात असताना गोळी लागून मेला, तारीख २३ सप्टेंबर २०२४. मुंबईत "बदला पुरा" असे बॅनर लागले. हायकोर्टानं प्रश्न विचारले, पुढं दंडाधिकाऱ्यांच्या चौकशीत पाच पोलिसांना जबाबदार धरलं. एन्काउंटरची चौकशी कशी व्हायला पाहिजे ह्याचे सोळा नियम सुप्रीम कोर्टानं घालून दिले ते आपल्याच महाराष्ट्राच्या केसमध्ये, नव्वदच्या दशकातल्या मुंबईच्या एन्काउंटरवरून. एफआयआर नोंदवा, तपास सीआयडीनं किंवा दुसऱ्या ठाण्यानं करावा, दंडाधिकारी चौकशी व्हावी, लगेच पदकं आणि बढत्या वाटू नका. त्या निकालाची तारीख २३ सप्टेंबर २०१४. बरोबर दहा वर्षं, त्याच दिवशी. मला तर वाचून काटा आला. आणि मेलेल्या आरोपीवर खटला चालत नाही, म्हणजे त्या दोन मुलींच्या आईबापांना कोर्टात जे ऐकायला मिळालं असतं, कुणी काय लपवलं, कुणी उशीर केला, त्यातलं त्याच्या तोंडून यायचं होतं ते कायमचं गेलं.

कुणी म्हणेल कोर्टात वर्षानुवर्षं लागतात. लागतात की. पण ती दोन्हीकडून लागतात. वर्सोव्यात २००६ साली झालेल्या एन्काउंटरमध्ये ज्याचं नाव एन्काउंटर स्पेशालिस्ट म्हणून पेपरात छापून यायचं त्या माजी पोलिस अधिकाऱ्याला हायकोर्टानं जन्मठेप दिली ती मार्च २०२४ मध्ये, सतरा वर्षं उलटून गेल्यावर, आणि ती पण मेलेल्याचा भाऊ वकील होता, सोडायला तयार नव्हता म्हणून. बिडी कारखान्यातल्या माणसाचा भाऊ कुठनं वकील असणार?

आपण सोलापूरकरांनी तरी ह्या बाबतीत जरा थांबून बोलावं. १२ जानेवारीला आपण चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांना हार घालतो आणि तिथनं सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेकडं वळतो. ८ मे १९३० ला ह्याच गावात पोलिसांनी जमावावर गोळ्या झाडल्या, शंकर शिवदारे पडला, मग मार्शल लॉ आला, आणि धनशेट्टी, कुर्बान हुसेन, सारडा, शिंदे ह्या चौघांना पुढच्या वर्षी येरवड्यात फाशी दिलं. तेव्हाच्या सरकारी कागदात हे सगळे दंगलखोर आणि खुनी होते. कुणी म्हणेल ते इंग्रज होते. मग मुंबईच्या रमाबाई नगरला १९९७ साली राज्य राखीव पोलिसांच्या गोळीबारात दहा माणसं मेली ते कुठले इंग्रज होते? २०११ ला मावळात पाण्याच्या पाइपलाइनच्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीनं तीन शेतकरी मेले तेव्हा? ऊसदरासाठी रस्त्यावर बसणारे आपणच आहोत, हे टपरीवर टाळी देताना ध्यानात राहत नाही.

पोलिसांच्या विरोधात लिहितोय असं समजू नका. माझा वर्गमित्र हवालदार होता, आता रिटायर झाला. गड्ड्याचा बंदोबस्त, गणपतीचा बंदोबस्त, सभा, मोर्चे, बारा-चौदा तास उभं राहून घरी जायचं आणि पोरगं ओळखत नाही अशी अवस्था. तो म्हणायचा, "नोकरीभर कमरेला वजन वागवलं, पण सरावाला मिळाल्या त्या गोळ्या बोटावर मोजण्याइतक्या." म्हणजे ज्याला नीट चालवायला शिकवलं नाही त्याच्याकडनं आपण फिल्मी नेमाची अपेक्षा करणार, आणि चुकला तर वरचे साहेब हात झटकणार आणि आत जाणार हा. तुकाराम ओंबळे आठवा. हातात लाठी होती. अंगावर गोळ्या झेलल्या पण कसाबची बंदूक सोडली नाही, म्हणून तो जिवंत सापडला, खटला चालला, सुप्रीम कोर्टापर्यंत गेला आणि २०१२ ला फासावर गेला. सगळ्या जगाला पुरावा दाखवता आला तो त्यामुळं. कसाबला कोर्ट देता येतं तर बाकीच्यांचं काय घेऊन बसलात?

आता प्रत्येक सज्जनाला बंदूक. आमचा भाचा अमेरिकेत टेक्सासमध्ये असतो. तो सांगतो, पोलिसानं गाडी थांबवली की पहिलं दोन्ही हात स्टेअरिंगवर ठेवायचे, लायसन काढायचं असलं तरी आधी सांगायचं की मी आता खिशात हात घालतोय. आपल्याकडं ट्रॅफिक हवालदार येतो आणि बिनधास्त गाडीची किल्ली काढून घेतो, आपण "साहेब, जाऊ द्या की" करत त्याच्या मागं फिरतो. हा फरक स्वभावाचा नाही हो, बंदुकीचा आहे. अमेरिकेत एका अंदाजानुसार लोकांकडं ३९ कोटी बंदुका आहेत, म्हणजे माणसांपेक्षा जास्त, त्यामुळं तिथल्या पोलिसाला प्रत्येक खिशात बंदूक दिसते आणि तो आधी गोळी घालतो. वर्षाला हजाराच्या आसपास माणसं तिथं पोलिसांच्या गोळीनं मरतात. १९७४ साली मेम्फिसमध्ये एक पंधरा वर्षांचं पोरगं घरफोडी करून कुंपणावरून उडी मारत होतं, हातात काही नाही हे पोलिसाला जवळपास दिसत होतं, तरी डोक्यात मागून गोळी घातली. त्याच्याकडं सापडले दहा डॉलर आणि एक पर्स. तेव्हा तिथला कायदा त्याला मुभा देत होता, अकरा वर्षांनी त्यांच्या सुप्रीम कोर्टानं सांगितलं की असं चालणार नाही. मी हे वाचलं तेव्हा मला आमच्या कंपाउंडमधली गॅसची टाकी दिसली.

व्हॉट्सॲपवर गांधीजींचं एक वाक्य फिरतं, की इंग्रजांनी शस्त्रबंदी केली हे त्यांचं सगळ्यात काळं कृत्य. वाक्य खरं आहे, पण ते १९१८ सालच्या सैन्यभरतीच्या पत्रकातलं आहे, तुमच्या माझ्या गल्लीतल्या भांडणासाठी नाही. आणि आपल्याकडं बंदूक घेणारे सगळे काय संरक्षणासाठी घेतात का? लग्नाच्या वरातीत डीजेपुढं बार काढायला घेतात. २०१९ च्या दुरुस्तीनं त्याला दोन वर्षांपर्यंत शिक्षा ठेवावी लागली आणि एका माणसाला तीनऐवजी दोनच हत्यारं केली, ते उगाच नाही. रीलमध्ये कट्टा दाखवणारी पोरं वेगळीच, पोलिसांनी उचललं की दुसऱ्या रीलमध्ये हात जोडून माफी मागतात.

मला विचाराल तर गोळीपेक्षा तपासाला माणसं द्या, फॉरेन्सिकचे रिपोर्ट वेळेत येऊ द्या, न्यायाधीशांच्या रिकाम्या जागा भरा, सुप्रीम कोर्टानं २०२० साली प्रत्येक ठाण्यात कॅमेरे लावा म्हणून सांगितलंय ते खरंच चालू आहेत का तेवढं तुमच्या वार्ताहराला जाऊन बघायला सांगा. ह्यात टाळ्या मिळत नाहीत हे मला माहीत आहे.

ज्यांनी ते पत्र लिहिलं ते आमच्याच भागातले असतील तर त्यांनी चहाला जरूर यावं. बंदूक मात्र बघायला मिळणार नाही, मागच्या निवडणुकीला ठाण्यात जमा केली ती तिथंच आहे, आणि ह्या वेळी परत आणायची नाही, परवानाच सरेंडर करायचा असा अर्ज मी दिलाय. टेबलावरच्या क्लार्कनं अर्ज दोनदा वाचला आणि विचारलं, "काका, घरात काही भांडण झालंय का?"

आपला,
एक नियमित वाचक
जुळे सोलापूर