थापाड्याला 'क्विक्झोटिक' म्हणू नका

संपादक महोदय,

परवाच्या अंकातील एका लेखात, रोज नवी घोषणा करून एकही तडीस न नेणाऱ्या गृहस्थाला 'क्विक्झोटिक' म्हटले आहे. वाचून, ज्याच्या नावावरून हा शब्द आला त्या बिचाऱ्या डॉन क्विक्झोट या स्पॅनिश सरदाराची कीव आली.

सर्व्हान्तेस या स्पॅनिश लेखकाच्या 'डॉन क्विक्झोट' कादंबरीचा पहिला भाग १६०५ साली आला, दुसरा १६१५ मध्ये. पन्नाशीकडे झुकलेला नायक शौर्यकथा वाचून वाचून भ्रमिष्ट होतो, पणज्याचे गंजके चिलखत घासूनपुसून चढवतो आणि अन्यायनिवारणाला निघतो. (स्पॅनिश उच्चार 'किहोते', आपल्याकडे इंग्रजीमार्गे 'क्विक्झोट' रुळला, त्याबद्दल तक्रार नाही.) पवनचक्क्यांना राक्षस समजून तो धावून जातो, हा प्रसंग सगळ्यांना ठाऊक असतो. पण तिथे भाला मोडतो तो त्याचाच आणि मातीत लोळतो तोही स्वतःच. मेंढ्यांच्या कळपाला सैन्य समजून तुटून पडतो, तेव्हा मेंढपाळांच्या दगडांनी त्याचे दात पडतात. थापाड्याचे कधी दात पडलेत?

तसा 'शेखचिल्ली'ही इथे चालत नाही. तो बसल्या जागी मनातले मांडे खातो, तेही स्वतःपुरते. मग 'ध्येयवेडा' म्हणावे? हा शब्द आपण सत्कार समारंभात वापरतो, त्यात निव्वळ कौतुक असते. क्विक्झोटची गोष्ट इतकी गोड नाही. एक शेतकरी आपल्या पोरगेल्या गड्याला झाडाला बांधून पट्ट्याने फोडत असतो. क्विक्झोट त्याला दरडावतो, थकलेली मजुरी देण्याचे वचन घेतो आणि समाधानाने निघून जातो. त्याची पाठ वळताच मालक पोराला पुन्हा बांधतो आणि आधीपेक्षा जास्त मारतो. पुढे कधीतरी तो मुलगा भेटतो, तेव्हा हात जोडून सांगतो की माझे तुकडे होताना दिसले तरी मदतीला येऊ नका!

'क्विक्झोटिक'चा खरा अर्थ मला या प्रसंगात दिसतो. हेतू निर्मळ, अंगावर घाव झेलायची तयारी, आणि समोरच्या जगाचा अजिबात अंदाज नाही. 'स्वप्नाळू' त्यापुढे फार मऊ पडतो. 'भाबडा' जवळ येतो, पण त्यात भाला नाही. म्हणून परका शब्द वापरायला माझी ना नाही, योग्य माणसासाठी वापरावा इतकेच.

लेखातल्या गृहस्थांसाठी आपल्याकडे 'थापाड्या' होताच की. तो का नको झाला?

आपला,
एक नियमित वाचक