भुंडे हात

लीड्स, इंग्लंड
१४ मार्च २०२१

ती. आई-बाबांस शिरसाष्टांग नमस्कार. दादा-वहिनींना नमस्कार, सोनूला आशीर्वाद.

मी बरी आहे. लस घेतली, जेवते, झोपते. ते फोनवर होतंच. फोनवर जे होत नाही ते लिहिते आहे, कारण हाताचा विषय निघाला की आई रडते नाहीतर रेंज जाते. आणि वहिनींना त्यांच्या दवाखान्यासाठी सॅनिटायझरची मापं लिहूनच हवी आहेत.

आधी आईचं. फोटोत माझे हात भुंडे दिसले म्हणून तू धसका घेतलास. आई, बांगड्या मी टाकल्या नाहीत, कपाटात आहेत. इथल्या सरकारी दवाखान्यांत २००७-०८ पासून नियमच आहे की आम्हा पेशंटजवळ जाणाऱ्यांच्या कोपराखाली काही नको. बाही नको, घड्याळ नको, बांगडी नको, देवाचा दोरासुद्धा नको. बिनखड्याची सपाट लग्नाची अंगठी तेवढी चालते. शीख सिस्टर असेल तर कडं वर दंडाकडे सरकवून घट्ट बसवते. मोठमोठे डॉक्टर कोट काढून, शर्टाच्या बाह्या दुमडून राउंड घेतात, जसे काही आत्ताच वखरणी सोडून आलेत. मग वेळ कशी बघायची? तर घड्याळ छातीवर पिनेनं उलटं टांगायचं. मान खाली घातली की आपल्याला सुलटं दिसतं. मेडल कशाचं मिळालं म्हणून बाबांनी विचारलं होतं ना, ते हेच घड्याळ!

आता कारण सांगते, म्हणजे मी काही तरी सारवासारव करते असं वाटायला नको. प्रशिक्षणात हाताला एक मलम लावतात, ते एरवी दिसत नाही. मग साबणानं नेहमीसारखे हात धुवायचे आणि निळसर दिव्याच्या पेटीत घालायचे. जिथे धुणं पोचलं नाही तिथे मलम चमकतं. तळवे बहुतेकांचे स्वच्छ असतात. चमकतात ती बोटांची टोकं, नखांच्या कडा, अंगठ्याचं मूळ, बोटांच्या बेचक्या, आणि मनगटावर बांगडीखालची गोल रेघ. चुडा भरल्यासारखीच दिसते ती. बांगडीखाली पाणी साचतं, साबण फिरत नाही, आणि सिस्टर पुढच्या पेशंटच्या अंगावर वाकली की तीच बांगडी त्याला लागते. झालं. यात अपशकुनाचं काही नाही.

बोटांची भेगाळलेली पेरं व्हिडिओवर पाहून तू काम फार पडतं म्हणालीस. काम पडतं, नाही कशाला म्हणू. पण भेगा कामाच्या नाहीत, चुकीच्या धुण्याच्या आहेत. गरम पाण्यानं धुतलं, साबण नीट निघाला नाही, ओल्या हातावरच ग्लोव्हज चढवले की कातडी फाटते. साबण झाला की लगेच वर सॅनिटायझर फासणं तर सगळ्यांत वाईट. दोन्हींपैकी एकच करायचं. आता मी कोमट पाण्यानं धुते, कागदानं घासत नाही, टिपून घेते, आणि क्रीम लावते. तू दिलेलं खोबरेल रात्री लावते. ड्यूटीवर तेल किंवा व्हॅसलिन नाही, त्यानं रबरी ग्लोव्हज विरतात.

वहिनी, आता तुमचं. तुम्ही लिहिलंत की उन्हाळ्याआधीच दवाखान्याची टाकी कोरडी पडते आणि नळाला पाणी दिवसातून एकदाच. मग पाणी राखून ठेवा. हात दिसायला मळलेले असतील, रक्त-संडास लागलं असेल, संडासला जाऊन आलात, किंवा पेशंटला हगवण आहे, तिथेच साबण-पाणी, ४० ते ६० सेकंद. हगवणीच्या काही जंतूंना सॅनिटायझर दाद देत नाही. बाकी सगळीकडे सॅनिटायझर, २० ते ३० सेकंद. कोरोनाच्या विषाणूला चरबीचं पातळ कवच असतं, ते साबणानंही फुटतं आणि अल्कोहोलनंही. मात्र बादलीत मग्गा बुडवून हात धुऊ नका, एकाचे जंतू सगळ्यांना. खाली तोटी बसवलेला ड्रम ठेवा. आणि बेसिनजवळ खिळ्याला तो एकच नॅपकिन टांगलेला असतो ना, तो आधी काढा! जुन्या सुती लुगड्याचे वीतभर तुकडे करा, एकदा पुसलं की धुण्याच्या टोपलीत.

चोळायचं कसं, तर ओंजळीच्या खळग्यात भरेल एवढं घ्या. थेंबभर घेतलं तर दहा सेकंदांत वाळतं आणि काम होत नाही. तळव्यावर तळवा. मग एका हाताच्या पाठीवर दुसरा तळवा, बोटांत बोटं घालून, दोन्हीकडे. मग समोरासमोर तळवे धरून बेचक्या. मग बोटं वाकवून एकमेकांत अडकवायची आणि त्यांच्या पाठी समोरच्या तळव्यावर घासायच्या. अंगठा मुठीत धरून रवीसारखा फिरवा. शेवटी पाची बोटांची टोकं एकत्र करून दुसऱ्या तळव्यावर गोल, बाबा तंबाखू मळतात तसं. हे शेवटचे दोन बहुतेक जण गाळतात, आणि पेशंटला सगळ्यांत आधी लागतात ती बोटांची टोकंच. हात ओले असताना सॅनिटायझर घेऊ नका, पातळ होतं.

कधी करायचं याच्या पाच वेळा जागतिक आरोग्य संघटनेनं ठरवून दिल्या आहेत: पेशंटला हात लावण्याआधी, सुई-सलाईन-ड्रेसिंगआधी, रक्त-लघवी-थुंकीशी संबंध आल्यावर, पेशंटला हात लावून झाल्यावर, आणि नुसता त्याच्या पलंगाच्या दांडीला हात लागला तरी. साथीत लोक शेवटच्या तीन सांभाळतात, कारण त्या स्वतःच्या जिवाच्या आहेत. पहिल्या दोन सुटतात. ग्लोव्हजनं तर अजून घोळ होतो. एकच जोडी घालून दहा बीपी घेतात, वरून त्यावरच सॅनिटायझर. ग्लोव्हज एका पेशंटपुरतेच. काढताना पहिला मनगटाजवळ बाहेरून चिमटीत धरून उलटा ओढा आणि दुसऱ्या मुठीत घ्या. मोकळं बोट दुसऱ्याच्या आतून घालून तोही उलटा. मग हात स्वच्छ करायचेच, ग्लोव्हजला बारीक भोकं असतात.

सॅनिटायझर तुमच्या फार्मासिस्टनं करायचं ठरवलं तर १० लिटरचं माप: ९६ टक्के इथेनॉल ८३३३ मिली, ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड ४१७ मिली, ९८ टक्के ग्लिसरीन १४५ मिली. वर १० लिटरच्या खुणेपर्यंत डिस्टिल्ड किंवा उकळून गार केलेलं पाणी. ग्लिसरीन मापाला चिकटून राहतं, तेच पाणी त्यात फिरवून ओतायला सांगा. झाकण लगेच लावायचं, आणि बाटल्यांत भरून ७२ तास हात लावायचा नाही. त्या तीन दिवसांत पेरॉक्साइड बाटलीतले जंतूंचे बीजाणू मारतं. हातावर त्याचं काही काम नाही. जास्त कडक म्हणून पाणी कमी करू नका, पाण्याशिवाय अल्कोहोल जंतूवर नीट चालत नाही. जवळ शेगडी, विडी काही नको. बाटली संपत आली की वरून भर घालू नका, रिकामी करून धुवा, वाळवा, मग भरा. आणि प्रत्येक बाटलीवर मोठ्या अक्षरात नाव लिहा. आपल्याच यवतमाळ जिल्ह्यात ३१ जानेवारीला १२ लेकरांना पोलिओच्या डोसाऐवजी सॅनिटायझर पाजलं गेलं, हे तुम्हाला मी काय सांगू.

बांगड्या ड्यूटीपुरत्या काढून रुमालात बांधून ठेवा. आई काही बोलली तर माझं नाव सांगा. मंगळसूत्र, जोडवी राहू द्या, त्यांच्याशी कुणाचं भांडण नाही.

बाबा, पैसे सोमवारी पाठवते. पीक कर्जाचं ३१ मार्चच्या आत भरून टाका, म्हणजे पुन्हा उचलता येईल. हरभऱ्याच्या भावाची वाट बघत बसू नका. बोंडअळीनं कापूस गेला त्याचं मला मागाहून कळलं, तेही दादाकडून. असं लपवू नका, मी तिथे नसले तरी. सोनूच्या दागिन्याचं वेगळं पाठवते. त्यातून उसनवारी फेडू नका, तिचं तिला करा.

लग्नाला मी येईन असं सोनूला अजून सांगू नका. परत आल्यावर इथे १० दिवस घरात बंद, तेवढी रजा एकदम मिळत नाही. विचारून ठेवलं आहे. तसंही मांडवात मोजकीच माणसं चालतात, एक कमी झालं तर तहसीलदार खूश होईल. धाकटीचं आधी होतं म्हणून कुणी काही म्हटलं तर म्हणू द्या. वर्ध्याच्या स्थळाला सध्या नाहीच म्हणा. मुलगा चांगला असेल, पण मला आत्ता विचार करायला डोकं नाही.

आई, सोनूला चुडा भरायला कासार येईल तेव्हा माझ्यासाठीही हिरव्या एक डझन घेऊन ठेव. माप दोन-चारच आहे अजून.

तुमची,
नंदा